एक पौंड धान्य

मागच्या महिन्यात पुतणीचा फोन आला. ती हिंजवडीला नोकरी करते, फेब्रुवारीत तिचं लग्न आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सवयीप्रमाणे विचारलं, "जेवलीस का गं?" तर म्हणाली, "नाही काका, माझे आजचे बाराशे संपले." मला आधी वाटलं, पोरीचे पैसे संपले! मग उलगडा झाला. बाराशे म्हणजे कॅलरी. मोबाईलमध्ये मोजते. दीड महिन्यात ६ किलो उतरलंय म्हणे. आवाज मात्र असा, की जणू तीन दिवसांची परीक्षा देऊन आलीय.

"अजून ४ किलो, मग झालं," म्हणाली.

या "मग झालं"शी माझी जुनी ओळख आहे, त्याबद्दल पुढे सांगेनच. फोनवर मी काही बोललो नाही. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला फोनवर नीट सांगता येत नाही, त्याला फळा लागतो. म्हणून हे लिहायला बसलो. ती वाचेल, आणि घरातले बाकीचेही वाचतील अशी आशा आहे (कालच्या डोहाळजेवणाचे फोटो मी पाहिलेत, मंडळी!).

बाराशे, पंधराशे असे आकडे कानावर पडले की मला टेंपल साहेब आठवतो.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हा सगळा पट्टा होरपळला. शाळेच्या पुस्तकात हा दुष्काळ चार ओळींत उरकलेला असायचा, आणि मीही बरीच वर्षं तो चार ओळींतच उरकला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल याला पाठवलं. या टेंपलची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी बंगाल-बिहारमध्ये टंचाई आली तेव्हा यानेच ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला होता आणि माणसं वाचवली होती. त्याबद्दल शाबासकी मिळायची तर उधळपट्टीचा ठपका बसला. त्यामुळे १८७७ च्या सुरुवातीला इकडे आला तो काटकसरीची शपथ घेऊनच. दुष्काळी कामावर दगड-माती वाहणाऱ्या गड्याला जगायला किती लागतं, याचा हिशेब त्याने मांडला. दिवसाला १ पौंड धान्य घेता येईल एवढी मजुरी, आणि वर मीठमिरचीला थोडे पैसे. बाईमाणसाला त्याहून कमी.

मद्रासकडचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस झिजत जाईल, असं त्यांचं म्हणणं. पुढे तिकडे हा दर वाढवावाही लागला. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या मंडळींनी, सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. उपाशी माणसांनी मजुरी कमी म्हणून कामावरून उठून जावं, ही साधी गोष्ट नाही.

आता हे १ पौंड म्हणजे किती? साधारण ४५० ग्रॅम. निवृत्तीनंतर मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३३० ते ३५० कॅलरी धरल्या, तर पौंडाला दीड हजार ते सोळाशे होतात. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला आजच्या हिशेबाने साडेतीन हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे निम्म्याहून कमीच!

त्याच दिवशी माझ्या टेबलावर दुसरा एक कागद होता. आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिलेला तक्ता. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, दिवसाला १५०० कॅलरी.

मी खडी फोडत नव्हतो, हे कबूल. आरामखुर्चीत बसून पेपर वाचणाऱ्या माणसाला पंधराशे म्हणजे काही दुष्काळ नव्हे. पण आतल्या शरीराला हे कोण सांगणार? त्याला एवढंच कळतं, की काल होतं त्यापेक्षा आज एकदम निम्म्यावर आलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली हे माणसांवरच करून पाहिलं गेलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात उपासमार होती, आणि उपाशी माणसाला पुन्हा खायला कसं घालायचं हे कुणाला नीट माहीत नव्हतं. ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण घेतले. ते राजीखुशीने आले होते. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. आकडा पाहा. टेंपल साहेबाचाच पौंड जवळजवळ! त्यांचं वजन चौथाईने उतरलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ही शिकलेली, ध्येयवादी मुलं दिवसभर खाण्याशिवाय दुसरा विचार करीनात. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटलीतला घास तासभर पुरवू लागली. चिडचिड वाढली, अंगात थंडी भरू लागली, नाडी मंदावली. शरीराने आपला खर्च आखडता घेतला होता. आणि बंधन सुटल्यावर? काहीजण दिवसाला पाच-पाच हजार कॅलरी खात आणि तरी म्हणत, पोट भरलं नाही. चरबी परत आली ती पहिल्यापेक्षा जास्त.

हे वाचताना मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. कारण २००९ मध्ये आमच्या घरात हाच प्रयोग झाला होता, विनाशास्त्रज्ञ.

२००८ साली निवृत्त झालो तेव्हा माझं वजन ८६ होतं, उंची साडेपाच फूट. गुडघे बोलायला लागले, रक्तदाब वाढला, म्हणून तो तक्ता आणला. पाच महिन्यांत ७४ वर आलो. गावात सत्कार व्हायचा तेवढा राहिला होता. "सर, ओळखू येईना!" जो तो म्हणे. खरं सांगायचं तर त्या पाच महिन्यांत मी रविवारच्या पुरवणीतल्या पाककृती सोडून काही वाचलं नाही. स्वप्नात पुरणपोळी यायची. सौ.ने डाळ वाटायला घेतली तरी मी उठून बघायला जायचो. मग एक दिवस ७४ चा काटा दिसला आणि मी मनाशी म्हणालो, झालं एकदाचं. तक्ता कपाटात ठेवला. पुढच्या दीड वर्षात ८९!

चूक तक्त्याची म्हणावी तर तक्ता बरोबर होता. बाईही चांगल्या होत्या, मन लावून सांगायच्या. चूक अशी, की तक्ता माझ्या हातात होता आणि घर, स्वयंपाकघर, चहाची वेळ, पाहुणे, लग्नं हे सगळं जसंच्या तसं होतं. मी पाच महिने परगावी गेल्यासारखा राहिलो आणि मग स्वतःच्या घरी परत आलो. आणि हे घर काही एका दिवसात असं झालेलं नव्हतं. त्याचा पाया त्याच दुष्काळात खणला गेला होता.

काटेवाडी म्हटलं की बाहेरच्यांना एकच आडनाव आठवतं, त्याला इलाज नाही. पण मला विचाराल तर या भागाचा खरा कर्ता पुरुष नीरा डावा कालवा. १८७६ च्या दुष्काळातच लोकांना काम द्यायचं म्हणून त्याचं खोदकाम निघालं आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. तोवर बारामती-इंदापूरचा हा मुलूख म्हणजे पावसाच्या तोंडाकडे बघणारा. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी. कालव्याने ऊस आला, गुऱ्हाळं आली, बारामतीला गुळाचा व्यापार वाढला. १९३०-४० च्या दरम्यान शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभारला, त्याचंच पुढे वालचंदनगर झालं. १९५० मध्ये तिकडे प्रवरेला सहकारी कारखान्याची धुराडी पेटली आणि पाठोपाठ त्याच दशकात आमच्याकडे माळेगाव आणि भवानीनगरचे कारखाने निघाले.

माझा जन्म १९५० चा. म्हणजे मी आणि सहकारी साखर एकाच वयाचे!

लहानपणी आमच्या घरी साखर डब्यात नव्हती, डबीत होती, आणि डबी आईच्या ताब्यात. चहा गुळाचा. गव्हाची पोळी सणाला. रोज ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, सोबत हुलग्याचं माडगं किंवा आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पावसाळ्यात बांधावरची तांदुळजा, पाथरी, चिघळ. सकाळी न्याहारी, दुपारी शेतात भाकरी, आणि दिवेलागणीला जेवण. मधे काही नाही. संयम म्हणून नव्हे बरं का, मधे खायला काही नसायचंच. हे सांगताना डोळे पाणावणारे माझे समवयस्क आहेत, मी त्यांच्यात नाही. ते दिवस चांगले नव्हते. आम्ही सडपातळ होतो कारण आम्ही कमी जेवलेले होतो.

त्या घराचा एक नियम होता. पानात टाकायचं नाही. आईने तो आजीकडून घेतला, आजीने तिच्या सासूकडून. त्या सासूने छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे शके नव्हे, संवत १९५६ चा, इसवी सन १८९९-१९०० चा, पाहिलेला. ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायची म्हणे. दुसरा नियम, आल्यागेल्याला विन्मुख पाठवायचं नाही. आणि तिसरा न बोललेला नियम, मिळेल तेव्हा खाऊन घ्यावं, उद्याचं कोणी पाहिलंय. भुकेच्या काळात हे तिन्ही नियम सोन्यासारखे. त्यांनीच आमची घराणी तगली.

मग पाणी आलं, ऊस आला, पैसा आला, नियम तेच राहिले.

वडील कारखान्याचे सभासद झाले. सभासदाला सवलतीच्या दराने साखर. दिवाळीला पोतं घरात यायचं, आणि कोपऱ्यातल्या त्या पोत्याकडे बघून आईचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू! गुळाचा चहा गरिबीचा ठरला. पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणं म्हणजे अपमान. चमचा उभा राहील असा चहा हा मानाचा. मी शाळेत लागलो तेव्हा मधल्या सुट्टीचा एक, तास नसेल तेव्हा एक, पालक भेटायला आले की एक, आणि संध्याकाळी गावात कोणाच्या ओट्यावर टेकलो की तिथे एक. दिवसाला आठ कप कुठे जात नव्हते. कपाला दोन चमचे धरले तर दिवसाला १६ चमचे, म्हणजे ८० ग्रॅम साखर, सव्वातीनशे कॅलरी, आणि पोटाला कळतसुद्धा नाही की काही खाल्लं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम. आमच्याकडे तेवढी साखर सकाळी आठच्या आत व्हायची.

पोळीचंही तसंच. रेशनवर गहू मिळू लागला, मग शेतात गहू पिकू लागला, आणि भाकरी मागे पडली. "आमच्याकडे दोन्ही वेळ पोळ्या असतात," हे सोयरीक जुळवताना सांगायचं वाक्य होतं. चालणं संपलं ते मोटारसायकलीने. मोट गेली, इंजिन आलं, बैल गेले, ट्रॅक्टर आला. हे जावं असं मी कधीच म्हणणार नाही, ज्याने मोट हाकलीय त्याला विचारा. पण पोटाला कोणी कळवलं नाही की आता काम निम्मं झालंय.

इथे मला अक्काबद्दल लिहायचं आहे. बरेच दिवस टाळत होतो.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला दिली बारामतीच्या जिरायत भागात, जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी नुकता बी. ए. झालेला, एका कामावर मस्टर लिहायला लागलो होतो. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांत एक माझी बहीण, दुसऱ्या एका कामावर, पोटुशी, खडी फोडत. मी सायकलवर गुळाची ढेप बांधून तिला भेटायला गेलो. तिने मला त्या तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी खायला घातली, स्वतः "मी मघाशीच खाल्लं" म्हणाली. खाल्लं नव्हतं. पुढे दिवस पालटले, तिच्याही घरी सुबत्ता आली. पण अक्का जन्मभर काडीसारखी, ४५ किलोच्या वर कधी गेली नाही. म्हणून १९९० मध्ये तिला साखर निघाली तेव्हा आम्ही कोणी विश्वासच ठेवला नाही. मधुमेह जाड्या, श्रीमंत माणसांना होतो, अशी आमची पक्की समजूत. ती घरी आली की मी स्वतः तिला साखरेचा चहा करून द्यायचो. "एका कपाने काय होतंय!" मास्तर होतो मी, लोकांना शिकवत होतो. आधी तिचं बोट काढावं लागलं, मग पाऊल. २००६ मध्ये ती गेली.

ती गेल्यावर कधीतरी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचायला मिळालं. त्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. आपलीच गावं, आपलीच शेतात राबणारी माणसं. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या. पण मापं घेतली तेव्हा दिसलं, की आपल्या बाळांचं स्नायूंचं, पोटातल्या अवयवांचं आकारमान लहान असलं तरी कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून रोड, आतून जाड! २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपला स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात ते, अगदी सारखं, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

अक्काचं नेमकं असंच झालं असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण तो फोटो बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पिढ्यान् पिढ्या एका पौंडावर काढलेल्या शरीरांच्या हातात आपण अचानक साखरेचं पोतं दिलं, आणि काट्यावर आकडा कमी दिसतोय म्हणून निर्धास्त राहिलो. भारतात मधुमेहाची दहा कोटींवर माणसं आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे पुतणीला माझं पहिलं सांगणं हेच, की काट्यापेक्षा कंबरेची टेप बघ. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही धोक्याची रेघ धरतात.

आता माझा दुसरा प्रयत्न. २०११ मध्ये ८९ वर असताना ठरवलं, की तक्ता नको. स्वतःला शिक्षा नको. घर बदलायचं, तेही एका वेळी एक गोष्ट, आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. (वर्गातही असंच करतात. पाढे एका दिवसात तीस होत नाहीत.)

सुरुवात चहापासून. आठाचे दोन करायला आठ महिने लागले. साखर दोन चमच्यांवरून दीड, एक, अर्धा. सगळ्यात अवघड होतं ते लोकांच्या घरी. "घ्या हो सर, आमच्याकडं काय रोज येता!" यावर मी एक उत्तर शोधलं, "पाणी द्या, तहान लागलीय." पाणी देण्यातही यजमानाला पुण्य मिळतं, त्यामुळे कोणी दुखावत नाही. सौ.ने साखरेचा डबा ओट्यावरून उचलून माळ्याजवळच्या फळीवर ठेवला. स्टूल घेऊन चढावं लागतं. हसू नका, गुडघेदुखी असलेल्या माणसाला याहून मोठा पहारेकरी नाही.

मग पान. आईचा नियम मोडायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. पानात टाकणार नाही, म्हणजे नाही. पण वाढून किती घ्यायचं याबद्दल तिने काही सांगितलेलं नव्हतं! मोठं ताट बाजूला ठेवून लहान ताटली काढली. आधी पालेभाजी आणि काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग उसळ किंवा वरण, आणि शेवटी भाकरी. पूर्वी तीन पोळ्या झाल्यावर भाजीची आठवण यायची, ती गाडी उलटी फिरवली. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की दिवसाच्या ऊर्जेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. आपल्या घरांत तो किती असतो हे ज्याने त्याने बघावं.

भाकरीबद्दल थोडं. सध्या भाकरीचं फार कौतुक चाललंय, हॉटेलात गावरान थाळी म्हणून पोळीपेक्षा महाग मिळते. खरं म्हणजे ज्वारी आणि गहू यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीने आपोआप कोणी बारीक होत नाही. मला फायदा झाला तो एवढाच, की भाकरी चावावी लागते, तिच्यावर तेल-तूप कमी लागतं, ती पालेभाजीशिवाय उतरत नाही, आणि एक खाल्ली की दुसरीसाठी कोणालातरी उठून थापावी लागते. हे "कोणालातरी" म्हणजे कोण? आमच्या घरात पन्नास वर्षं ते एकच माणूस होतं. सवयी बदला म्हणून सांगणारे पुरुष बहुधा चुलीपाशी नसतात. मी बासष्टाव्या वर्षी भाकरी थापायला शिकलो. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायच्या, अंदमानसकट.

रात्रीचं जेवण नऊवरून सातवर आणलं. मालिकांच्या वेळेशी भांडण झालं, ते मिटलं. सकाळी कालव्याच्या कडेने तासभर चालणं, आधी पंधरा मिनिटं, मग वाढवत. वजन उतरायला तीन वर्षं लागली. ८९ वरून ७७. कोणी ओळखू येईना म्हटलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला कळलंच नाही. त्यानंतर आजतागायत ७६ ते ७८ च्या मधे आहे. लग्नसराईत वाढतं, श्रावणात उतरतं.

मधल्या काळात डॉ. दीक्षितांची लाट आली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) भाषणांत सांगायचे, दिवसातून दोनदाच जेवा, मधे काही नाही, म्हणजे इन्शुलिन सारखं सारखं झरणार नाही. तेच लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे घरोघर पोचवलं. कडाडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. आमच्या गावात कितीतरी जणांनी केलं. मला त्यातलं आवडलं ते हे, की विकत काही घ्यावं लागत नाही, आणि मधला चहा-बिस्किटांचा रतीब बंद होतो. माझ्या लहानपणीचं "मधे काही नाही" ते शास्त्राच्या वेशात परत आलं. ज्यांनी ते घरादारासकट केलं त्यांचं टिकलं. ज्यांनी एकट्याने, लग्नाच्या तारखेपर्यंत केलं, त्यांचं माझ्या तक्त्यासारखं झालं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करू नये, साखर एकदम खाली जाते.

आषाढीच्या वेळी तुकोबांची पालखी काटेवाडीत येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. मी दरवर्षी बघतो ते वारकऱ्यांच्या पायांकडे. सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात. आणि आम्ही गावकरी रस्त्याच्या कडेने उभे राहून त्यांच्या हातात केळी, बिस्किटं, चहा, पुन्हा बिस्किटं कोंबत असतो. त्या बिचाऱ्या नको म्हणत नाहीत, पिशवीत टाकतात. मागच्या वर्षी एका आजींनी माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा घेतला आणि म्हणाल्या, "माउली, ताक हाय का?" तेव्हापासून आम्ही ताकाचा माठ ठेवतो.

तर बाळ, तुझ्यावर मी रागावलेलो नाही. लग्नात सुंदर दिसावं असं कोणाला वाटत नाही? फक्त ते ४ किलो राहू देत. तुझे होणारे यजमान स्वयंपाक करतात असं तू म्हणाली होतीस, त्यांनाही घेऊन ये. येत्या रविवारी या दोघं. तुझ्या काकूने ज्वारी दळून आणलीय, शेतात मेथी आलीय. भाकरी मी थापणार आहे, आणि बाराशेचा हिशेब त्या दिवशी कोणी करायचा नाही.